तेरा शाली शिल्लक

रविवार पेठेतून तीन कोटेशनं मागवली,
सगळ्यांत कमी दराच्या शाली घेतल्या, हे आधीच सांगून टाकते.
चाळीस. यादी गेल्या वर्षीचीच होती.
मग आठवडाभर फोन.
कुठं सुनेनं उचलला, कुठं राँग नंबर,
कोंढव्यातल्या एक बाई म्हणाल्या,
"ते दिवाळीतच गेले.
तुमचं पत्र मात्र दरवर्षी वेळेवर येतं हो."
पेन्सिलीनं रेघा मारल्या. उरले सत्तावीस.

सोळा डिसेंबर. वानवडीचं सभागृह. सकाळचे दहा.
पाहुणे मुंढव्याच्या सिग्नलला अडकलेले.
पहिल्या दोन रांगांत ब्लेझर, पदकं, कानटोप्या,
आणि न वाकणारे गुडघे,
ज्यांच्यासाठी आम्ही जागाच सोडली नव्हती.

माईक गेला.
ऑपरेटर पोरगा नुसताच बटणं फिरवत बसला.
तेव्हा अठराव्या खुर्चीवरचे उठले:
नाईक गेनबा भापकर, सिग्नल्स, मुक्काम फुरसुंगी.
स्टेजच्या मागं जाऊन खाली बसले, एकेक गुडघा करत,
सतरंजीखालची वायर चाचपत गेले
तापलेल्या पोराचं अंग चाचपावं तशी.
"इथं तुटलीय."
मी ब्लेड शोधेपर्यंत त्यांनी ती दातांत धरली.
"आजोबा, कवळी आहे ना!"
"असू दे. सरकारी आहे."

जोडली. माईक ओठांजवळ नेला,
आणि दबक्या आवाजात,
पलीकडच्या शेतात कुणाला कळू नये अशा बेतानं, म्हणाले,
"हॅलो. हॅलो.
डुबल, ऐकू येतंय का?"

सगळ्या सभागृहभर गेलं ते.
लेझीम पथकातल्या पोरी फिसकन हसल्या,
मग गप्प झाल्या.
कारण ते थांबले होते.
मान किंचित डावीकडे, डोळे मिटलेले.
कुणी उत्तर द्यायला लागतो त्याहून
कितीतरी जास्त वेळ.

"चालू आहे," पोराला म्हणाले,
आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

नंतर पाहुणे आले, भाषण झालं, चांगलंच लांबलं.
शाल घालताना भापकरांच्या बोटाला
तांब्याच्या तारेचा ओरखडा दिसला.
त्यांनी तो शालीत पुसला.

दुपारी तेरा शाली कपाटात ठेवल्या,
रजिस्टरात 'शिल्लक' लिहून सही केली.
मग यादी काढून वरपासून खालपर्यंत
दोनदा वाचली.
डुबल कुठंच नव्हता.
रेघ मारलेल्यांतही नव्हता.