मांड

बूड दुखतंय, असं सरळ कुणी सांगत नाही.
दुकानात येतात, चेन दाखवतात,
हवेबद्दल बोलतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात,
आणि निघताना पायरीवर थबकून म्हणतात,
'गोइतोम, ती सीट जरा...'

लुवाम तेवढंही म्हणाली नाही.
स्टूल रिकामं असताना
मकियातोचा ग्लास संपेपर्यंत उभीच राहिली.
आदल्या दिवशी मसावाहून चढून आली होती,
मिठाच्या वाऱ्यातून निघून
नेफासितच्या वळणांवर ढगांना खाली टाकत
थेट अस्मारापर्यंत.

सीटवर स्पंजाचं कव्हर,
त्यावर आईची जुनी नेत्सेला दुमडून
सुतळीनं आवळलेली.
म्हटलं, पोरी, ही खोगीरभरती आधी काढ.
मऊ गादीत हाड बुडतं,
आणि हाड बुडालं
की बसू नये त्या जागेवर बसणं होतं.

मकरोनीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पायरीवर ठेवला.
'बस. टाचा उचल. ऊठ आता.'
दोन खळगे उमटले, मध्ये सहा बोटं अंतर.
तिनं वाकून पाहिलं,
'एवढंच?'
एवढंच. एवढ्यावर सगळं मसावा तोललं जातं.

माळ्यावरून एक कातडी सीट काढली,
रुंदीला त्या खळग्यांच्या बेताची,
खालच्या बाजूनं तेल पाजलेली.
नाक तीळभर खाली.
तीळभरच. जास्त झालं की माणूस घसरतो
आणि भार मनगटांवर येतो.
चड्डीच्या आत दुसरं काही घालू नकोस,
शिवण चावते ती रात्री कळते.
वॅसलीन लाव, लाजू नकोस.
आणि दुखायच्या आधी पेडलवर उभी राहत जा,
दुखल्यावर उठणं म्हणजे
दूध उतू गेल्यावर फुंकर.

पंधरा दिवसांनी केरेनहून परत आली.
पुन्हा उभीच.

मी सीटकडे पाहिलंच नाही या वेळी.
म्हटलं, समोरच्या रस्त्यावर एक चक्कर मार.
पाम झाडांखालून ती गेली
आणि पाठीमागून मला दिसलं,
कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे,
भाजीवालीच्या तराजूसारखी.
पाय पुरत नव्हते तिला.
प्रत्येक फेऱ्याला ती त्या कातड्यावर
स्वतःला किसून घेत होती.

'दोन बोटं खाली घ्यावी लागेल.'
'नको.'
सीटच्या दांड्यावर खिळ्यानं ओढलेली एक रेघ होती.
ती मीच ओढली होती,
तिच्या भावासाठी, सिराकसाठी.
तो तिच्याहून वीतभर उंच.
तो गेला. कुठं गेला,
हे आमच्याकडे मोठ्यानं विचारत नाहीत.
सायकल मागे राहिली,
आणि त्याच्या उंचीवर बसून
ही दर रविवारी साठ-सत्तर किलोमीटर
त्याला गाठायला निघते.

मी पाना तिच्या हातात दिला आणि
पंप शोधायच्या निमित्तानं आत गेलो.
पंप समोरच लटकत होता.
आतून बोल्ट कुरकुरल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही.
बाहेर आलो तेव्हा
रेघ नळीच्या आत गेली होती.
पुसली नव्हती. आत गेली होती.

काल ती मसावाला जाऊन आली.
स्टुलावर बसली, पाय पसरून,
पपईचा रस मागवला, वर माझ्या खात्यावर.
म्हटलं, सीट कशी वाटली?
तिनं कपाळाला आठ्या घातल्या,
बराच विचार केला.
'घिंडाला एक म्हातारी संत्री विकत होती,' म्हणाली,
'दोन जास्तीची दिली तिनं.'
सीटचं काही आठवेना.

आम्ही ह्याला मांड बसली म्हणतो.

तो पुठ्ठा मी टाकला नाही.
माझ्या खुर्चीची वेताची बैठक फाटलीय, तिथं घातलाय.
माझी हाडं काही
तिच्या खळग्यांत बसत नाहीत.
सरकत राहतो दिवसभर.