नावापुढचा शब्द

डबीत निळा रंग निम्मा उरलाय.
ब्रश शाळेचा, अक्षर माझं.
पंचायतीच्या भिंतीवर खडूनं आखलेल्या ओळीत
मी लिहिते: पंचफुला
आणि थांबते,
कारण पुढे ज्यांचं नाव यायचं ते नथ्थूजी
मागे बसलेत, सरपंचाच्या खुर्चीत, पाय हलवत.

दारव्ह्यापासून अठरा किलोमीटरवरच्या या गावात
शनिवारी खडू न उचलणारी मी एकटीच.
सकाळची शाळा तोंडीच घेते, पाढे, गोष्टी.
"मास्तरीनबाई शनवारी लिहीत नाही":
आमच्या धर्माबद्दल गावाला एवढंच ठाऊक,
आणि तेवढ्यावर आमचं बरं चाललंय.

बाबा लहान गाडीचे गार्ड.
कोकणातलं आडनाव घेऊन वऱ्हाडात आले.
खोबरेल मिळेना, तेव्हा आईनं शब्बाथचा दिवा
जवसाच्या तेलावर लावला
आणि म्हणाली, देवाला वास चालेल.

बाबा गेले तेव्हा कद्दिशला दहा हवे होते.
दहा पुरुष.
मूर्तिजापूर ते यवतमाळ शोधून आमचे चार भरले.
आई, शेगुल्लाआत्या आणि आम्ही चौघी बहिणी
दाराशी उभ्या.
मी लहान, पण गणितात हुशार.
मोजता मोजता दोन्ही हातांची बोटं संपली.
कुणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मावसबहिणीनं लोदहून
एका दगडाचा फोटो पाठवला.
समुद्राकाठचं कुठलंसं शहर, शेकडो वर्षांपूर्वीचं.
खाली तिनं मराठीत लिहिलेलं:
ही बाई यहुदीण, आणि नावापुढचा शब्द बघ,
मशिदीची प्रमुख.
(आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणत.)
बाईनं थडगं बांधलंय
घरच्या सुटलेल्या गुलामांसाठी, घरात वाढवलेल्या पोरांसाठी.
दुसऱ्या कुणी तिथे प्रेत पुरलं तर दंड.
रक्कम दिलीय.
याची प्रत दप्तरात ठेवली आहे, हेही कोरलंय.

दंडाची रक्कम वाचली आणि मला ती बाई दिसली,
कमरेला किल्ल्या, हिशेबाची पक्की.

पुढे बहीण लिहिते: बरेच पंडित म्हणत आले
की शब्द मानाचा असणार.
नवरा प्रमुख असेल, हिला नुसतं म्हणत असतील.
दगडावर नवरा नाही.

मुंबईच्या मशिदीत आम्ही बायका वर, माडीवर.
त्या जुन्या जागांत बायकांची माडी
खणून खणूनही खात्रीची सापडत नाही म्हणे.
मग बसत कुठे?
खालीच बसत असतील,
त्यांच्यातल्याच कुणी नवस फेडताना घातलेल्या फरशीवर.
एकीनं शंभर फूट दिली, घरादाराच्या भल्यासाठी.
तीही लिहून ठेवलीय, फुटांसकट.

हातपंपावर हे पंचफुलाला सांगितलं.
तिचा पहिला ठराव अंगणवाडीच्या फरशीचाच.
सही तिची. सभेत बोलले नथ्थूजी.
घागर भरून वाहायला लागली तरी ती दांडा मारत राहिली.
"म्हंजे दगडावर लिवलं तरी नाई मानत?"
मग जरा वेळानं,
"तिचा नवरा काय काम करे वं?"
माहीत नाही, म्हटलं.
ती हसली,
पदर तोंडाशी न नेता.

मी ब्रश बुडवते.
पंचफुला गेडाम,
आणि लगेच, जरा मोठ्या अक्षरांत, सरपंच.
"मधातलं राह्यलं," नथ्थूजी म्हणाले.
जागा उरली नाही, मी म्हटलं.
केवढी थोरली भिंत, सगळ्यांना दिसत होती.

रंग ओला. एक शेळी अंग घासायला आली,
तिला हाकललं.
पंचफुलानं कमरेचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला.
"फोटू काढा मास्तरीनबाई.
एक दप्तरात बी लावून ठेवा.
उद्या कोनी म्हनंन,
मले नुसतं म्हनत होते."