आर्थिंगला पाणी

रात्री दहाला खालचं बियाण्याचं दुकान शटर पाडतं,
मग आमचा दिवस सुरू.
कादराबादेतली दहा बाय बाराची खोली. कोपऱ्याकोपऱ्यात
जिनिंगवरून आणलेली रुईची पोती उभी,
कारण जाड आवाज कोपऱ्यात जाऊन बसतो
लग्नात रुसलेल्या आत्याच्या नवऱ्यासारखा,
उठत नाही, बोलत नाही, नुसता घुमतो.

शलमोन पाटोळे बेस मांडीवर घेऊन बसला.
चार तारा, नव्या. बोटांना पावडर,
घामाची करकर नको.
मी म्हणालो, साफ पाहिजे. निवडलेल्या ज्वारीसारखा
एकेक सूर सुटा.
हेडफोन चढवला,
आणि सगळ्या सुरांच्या खाली
घुंऽऽऽ

पंखा बंद केला. ट्यूबलाइट, तिचा चोक,
मोबाइलचा चार्जर. पलीकडच्या रसवंतीचा फ्रीज,
त्यासाठी बाप्पासाहेबाला झोपेतून उठवलं,
त्यानं आमच्या दोघांच्या खानदानाचं नाव घेत बटण दाबलं.
मे महिना, बंद खिडक्या,
स्क्रीनच्या उजेडात घामेजलेली दोन तोंडं.
घुंऽऽऽ
"एमआयडीसीत भट्ट्या चालू हायेत," शलमोन म्हणाला,
"तिकडं लोखंड वितळूलालं, इकडं तारेला कळणारच की."

गंमत अशी, की जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर
बोट ठेवलं की घुमणं सापडेना.
वीज पन्नासची, सूर एकोणपन्नासचा.
एका वाकळेत झोपलेले दोन भाऊ,
सेकंदाला एकदा कुणीतरी कूस बदलतो,
कोण ते कळत नाही.

आणि तारेला हात असेपर्यंत घुमणं बसून राही,
हात काढला की उठे.
"म्हणजे मीच आर्थिंग," शलमोन हसला.
मग हात काढूच नको.
"आन् मधल्या चार मात्रा?
तिथं हात उचलायचाच हाय. तिथं काही नाही, हे तर वाजवायचंय."

दुसऱ्या दिवशी मुनीर वायरमन आला.
फेज आणि आर्थिंगमध्ये बल्ब धरला:
आत लाल काडी तेवढी, उजेड नाही.
"अर्थ सुकला तुमचा," तो म्हणाला,
आणि मला उगाच शाळेतले मराठीचे सर आठवले.

मागच्या बोळात खड्ड्याचं झाकण उचललं.
मीठ केव्हाच विरून गेलेलं, कोळसा कोरडा ठक्क.
नळ येऊन नऊ दिवस झाले होते.
ड्रममधलं पाणी, बादली एक,
मग जराशी हिंमत करून दोन.
जमिनीनं सुर्र केलं आणि तोंड मिटलं.
वरून घरमालकीण, गयाबाई:
"झाड लावलं का रे तिथं?"
नाही मावशी, आवाज धुतोय.
"बरं," ती म्हणाली, येड्याला म्हणावं तसं.
संध्याकाळी पाहिलं तर
भांडी विसळलेलं पाणी घेऊन तीच खड्ड्याशी वाकलेली.

रात्री हेडफोन मुनीरच्या कानाला लावला.
काय ऐकू येतंय?
"कुछ नहीं. काहीच नाही."
हां, तेच.
"याचे तीनशे झाले," तो म्हणाला. दिले.

मग शलमोननं वाजवलं.
चार रिकाम्या मात्रांत आता त्याचा श्वास ऐकू येतो,
नाकातून, थोडा शिट्टीसारखा.
तो मी काढला नाही.
पोरं हे गाणं मोबाइलवर ऐकणार,
एवढ्या खालचा सूर त्या टिकलीएवढ्या स्पीकरमधून
निघतच नाही. शलमोनला माहीत आहे.
साडेबारा वाजलेले, शेवटची रिक्षा गेलेली,
तरी बेस पिशवीत घालता घालता थांबला:
"तिसरा पडदा एकदा अजून घेऊ.
कालपर्यंत त्याच्यासंगं कुणी ना कुणी होतं.
एकटा कसा वाजतो,
बघू तरी."