धरून आणलेला

पाब्बीच्या लष्करी कागदांत एक रकाना आहे: व्यवसाय.
कुणा कारकुनाने लिहिलंय 'मासेमार',
आणि पुढे, वेगळ्या शाईत, 'बर्फाखालचा'.
विनिपेगच्या त्या कचेरीत कुणीतरी विचारलं असणार,
हिवाळ्यात काय करतोस,
आणि त्याने सगळं सांगितलं असणार:
गोठल्या तळ्याला भोक कसं पाडायचं,
जाळ्याची फळी कशी सरकवायची बर्फाच्या पोटाखालून,
आणि वर ओणवं होऊन, कान लावून,
तिची टकटक कुठवर गेली ते कसं ऐकायचं.
तेवढाच एक शब्द उतरला कागदावर.

जाळी निघेपर्यंत सूट होती त्याला.
आजोबांचे डोळे बर्फाच्या चकाकीने गेले होते,
घरात दुसरा पुरुष नव्हता.
एप्रिलात सूट रद्द झाली, सगळ्यांचीच.
हेक्ला बेटावरून तो निघाला तेव्हा बर्फ कुजत आला होता.
ना त्यावर चालता येत होतं, ना त्यात होडी घालता येत होती.
फळीवर पालथा पडून, कोपरांनी रेटत
तो पैलकाठाला लागला, दुपारपर्यंत भिजलेला.
लढाईला जायला एवढे कष्ट
त्या पलटणीत कुणी घेतले नसतील,
आणि नाव पडलं त्याचं: धरून आणलेला.

फ्रान्सात पोचला तो सप्टेंबरात,
कुणातरी मेलेल्याच्या जागी.
मॅकिल्रेथ म्हणून कॉर्पोरल होता, पंधरा सालापासूनचा.
पहिल्याच रात्री त्याने विचारलं,
'आपणहून आलास, की धरून आणलं?'
पाब्बीची इंग्रजी मोडकी.
'आलो,' म्हणाला. 'सरपटत.'
सगळे हसले.
विडीला काडी मात्र कुणी दिली नाही.

मग तो कालवा.
आम्ही मुलं खनपटीला बसायचो तेव्हा एवढंच सांगायचा:
पाणी नव्हतं त्यात. कधीच आलं नव्हतं.
खणून, विटा लावून ठेवला होता,
आणि पाण्याआधी लढाई आली.
पहाटेच्या अंधारात एका शिडीने उतरायचं,
पलीकडे दुसरीने चढायचं,
पाठीवर मशीनगनच्या गोळ्यांच्या चकत्या.
पलीकडच्या शिडीची दोरी सुटली.
तळाशी माणसांवर माणसं दाटली, वर आभाळ फुटत होतं.
पाब्बीने न बघता गाठ मारली, जाळ्याची,
ओली झाली की आणखी आवळते ती.

'ओली कशाने होणार होती?'
माझा धाकटा भाऊ एकदा विचारून गेला.
पाब्बी कॉफी ठेवायला उठला.

त्या गाठीच्या भरवशावर मॅकिल्रेथ चढला,
त्याच्यामागून बाकीचे.
पाब्बी दोरी धरून खाली. माणसं नाही मोजली त्याने,
हिसके मोजले,
जाळ्यात मासा लागला की हाताला कळतात तसे.
एकेचाळीस.
मग?
मग काही नाही. तोही चढला.

पुढे काँब्रेच्या अलीकडे कधीतरी
मॅकिल्रेथने त्याला आख्खी काडेपेटी दिली, न बोलता.
ती आहे अजून. आईने एकदा त्यातली काडी ओढून पाहिली.
नाही पेटली.
दोन पदकं डाकेने आली, ती गळांच्या डब्यात असतात.

अकरा नोव्हेंबरला गावात
माणसं टोप्या काढून उभी राहायची, छातीवर फिती लावून.
पाब्बी पहार घेऊन काठावर जायचा.
एका ठोक्यात बर्फ फुटला तर घरी परत,
दोनांत फुटला तर चार दिवसांनी ये,
तिसराही सोसला तर पाऊल टाक.
हे आम्हाला त्यानेच शिकवलेलं.
नोव्हेंबरात तो पहिल्यालाच फुटतो.
हेही त्याला ठाऊक होतं.
तरी मारायचा एक ठोका, आणि थांबायचा.
भोकातून काळं पाणी वर यायचं, बुटांपर्यंत,
आणि तो बघत राहायचा खाली,
आहे ना, याची
खात्री करून घेतल्यासारखा.