टी-सात

टँकर मंगळवारी. बाकीचे दिवस
परभणीच्या उन्हात आमचा अर्धा एकर
आणि आम्ही सतरा जण, वह्या डोक्यावर धरून.
टेंगसे सर सांगतात, ही बाग नाही, फळा आहे.
नीट पुसा, नीट लिहा.

वाफ्यांना पाट्या आहेत. टी-एक, शेणखत.
टी-दोन, गांडूळखत. टी-चारला जीवामृत,
ज्याच्या ड्रमात मी रोज सकाळी कडुनिंबाची काठी फिरवते
आणि केसांत गुळाचा, गोमूत्राचा वास घेऊन मेसमध्ये जाते.
दैवशाला आली, असं
कुणीतरी मान वर न करताच म्हणतं.

टी-सातला काही नाही.
ना खत, ना आच्छादन, मोजून दोन झाऱ्या पाणी.
भेगेत पट्टी घालायची, खोली लिहायची.
कौसाबाई रोजंदारीवर. खुरपं थांबवून तिनं विचारलं,
"ह्यानं काय केलं व्हय?"

उत्रेश्वरनं समजावलं : कंट्रोल, मावशी. तुलना.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"म्हंजी एकाला उपाशी ठिवल्याबिगर
दुसऱ्याचं पोट भरलेलं कळत नाई तुमाला."
ह्याच्या नोंदीला रकाना नव्हता.

एप्रिलात गवार मोजली.
टी-सात तिसरा आला.
सरांनी पुन्हा मोजायला लावली. पुन्हा तिसरा.
मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेला,
उत्रेश्वरचा हात झारी भरताना सैल आहे
म्हणून त्याला बोलणी बसली.

नोंदवही विसरले म्हणून मी दुपारी दीडला परत गेले.
शेडच्या सावलीत भाकर संपवून
कौसाबाईनं डबा विसळला, आणि ते पाणी,
ठेच्याच्या तांबूस कडेसकट,
टी-सातच्या बुडाशी नेलं.
फेकलं नाही. लेकराच्या टाळूवर तेल घालावं तसं.
मग टी-चारमधलं खुरपलेलं तण
ओच्यातून काढून भेगांवर पसरलं.
तिनं मला पाहिलं.
"दिलं नाई काई," म्हणाली. "सांडलं."

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
'प्रयोग बाधित' लिहिलं. खोडलं.
खाली लिहिलं : टी-आठ, सांडलेलं.

सर वाचत राहिले,
दोन शब्दांना लागतो त्याहून बराच वेळ.
मग पेनाचं टोपण काढून विचारलं,
"मात्रा?"