खिशातलं नाक

पहिलं यंत्र उणे एकतीसमध्ये मेलं.
निघताना बॅटरी भरलेली होती, मी स्वतः पाहिली होती.
चिंगेलतेईच्या चढावर, तिसऱ्या वळणाशी
पडदा आधी फिकट झाला, मग काळा,
आणि अनुजिननं ते हातमोज्यात धरून परत आणलं
गोठलेल्या चिमणीसारखं.

मग ते कोटाच्या आत ठेवलं, छातीशी.
बॅटरी जगली.
पण दिवसभर ते मोजत राहिलं
लोकरीची तुसं आणि खिशातल्या आरूलचा भुगा.
बाहेर अख्खं उलानबातर कोळशाच्या धुरात,
आणि पडद्यावर सगळं आलबेल.
जगायचं तर आत, खरं बोलायचं तर बाहेर.
फोनच्या फुटक्या काचा बदलून पोट भरणारी मी,
तीन रात्री एवढ्यावरच अडले.
शेवटी नळी. करंगळीहून बारीक, सिलिकॉनची,
रबर थंडीत काडीसारखं मोडतं.
लांब नको, कण वाटेतच भिंतीला चिकटतात.
धड आत, नाक कॉलरशी.

वजन एकशे चाळीस ग्रॅम.
नाकापेक्षा मोती जड.
आठ वर्षांची पोर, दप्तरानं आधीच वाकलेली.
चारांतले दोन स्क्रू काढले, खोक्याची भिंत तासली,
एकोणनव्वदवर आणलं आणि थांबले.

शिट्टीही होती आधी, आकडा शंभरावर गेला की वाजणारी.
नोव्हेंबरात ती एक तास टिकली.
सतत वाजणाऱ्या घंटेला कोण उठतं?
पंख्याची गुणगुण मात्र राहिली.
वर्गात भुंगा शिरलाय, असं बाई म्हणाल्या म्हणे.

बहिणीनं, त्सोल्मोननं, बूझच्या भांड्याचं झाकण उघडलं
आणि आकडा नऊशेवर गेला.
"माझ्या वाफेला विष म्हणतं हे!"
दोन दिवस ती यंत्राशी बोलली नाही, माझ्याशीही.
तिला कसं सांगू, आतल्या किरणाला
पाण्याचा थेंब आणि काजळीचा कण सारखेच दिसतात,
दोघंही वाटेत येतात.
मग ओलाव्याचा सेन्सर लावला, त्याची वजाबाकी घातली.
त्या वजाबाकीवर माझा अजून पुरता विश्वास नाही.

रविवारी सरकारी केंद्राच्या कुंपणाशी बसले,
चार तास, यंत्र मांडीवर.
त्यांचं कपाटाएवढं, आत हीटर असलेलं.
माझं बारा टक्के जास्त सांगत होतं.
म्हटलं, असू दे, जरा जास्त भ्यायलेलं बरं.
मग ती शिट्टी आठवली, आणि घरी येऊन दुरुस्त केलं.

"हे हवा साफ करतं का?" त्सोल्मोननं विचारलं.
नाही.
"मग?"
माझ्या तोंडात स्क्रूड्रायव्हर होता.
तो मी जरा जास्तच वेळ तोंडात ठेवला.

यंत्र दर पाच मिनिटांनी एकदा श्वास घेई,
बॅटरी वाचावी म्हणून.
"पाच मिनिटांत मी दोन गल्ल्या ओलांडते, मावशी.
तुझं हे तेव्हा झोपलेलं असतं."
मग दर मिनिटाला. आता रोज रात्री चार्ज करावं लागतं.
आणि दिसलं ते असं:
खालच्या घळीतून जाताना चारशे ऐंशी,
वर पाण्याच्या टपरीच्या बाजूनं दोनशे दहा.
शहराचा आकडा मात्र एकच, रेडिओवर सांगतात तो.
"दोन्ही वाईटच," त्सोल्मोन म्हणाली.
"हे निम्मं वाईट," अनुजिन म्हणाली, बूट चढवत.
अकरा मिनिटं जास्तीची चाल.
मी बिलाच्या मागे हिशेब केला. पोरीचं बरोबर होतं.

आता ती अंधारातच निघते.
शेजारची दोन पोरं तिच्या मागून जातात, न सांगता.
दुकानात मी फोनवर तिचा ठिपका पाहते,
कडेकडेनं चढणारा.
टपरीपाशी तो रोज थांबतो, दोन मिनिटं, कधी तीन,
आणि तिथे नेमका आकडा वाढतो, टपरीवाल्याच्या चुलीमुळे.
थांबतेस कशाला तिथे, मी रागावले.

तिथे कुत्रा आहे, म्हणाली.