पाऊणकी

बँकेच्या फॉर्मात यंदा नवा रकाना आहे:
हवामान-जोखीम. कमी, मध्यम, जास्त.
एकावर खूण करा. खाली वकिलाची सही.

लोटलीकरांनी फाईल पाठवली,
वर पिवळी चिठ्ठी:
"मॅडम, तेवढं कमी करून घ्या."
जणू हुमणातलं मीठ.

म्हणून रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला आले,
चपला हातात, नकाशा काखेत.
नकाशात भरतीरेषा निळी आहे.
कुण्या एका वर्षी मोजली, राजपत्रात छापली,
तेव्हापासून ती तिथेच आहे, कायद्याने.
तिच्यापासून बिनबांधकामाचं अंतर सोडलं
की वीस खोल्या बसतात
बरोब्बर, दीड मीटर राखून.

हद्दीचा दगड शोधण्यात अर्धा तास गेला.
सापडला तो पाण्यात.
नंबर वाचायला वाकले
तर एक कुर्ली तिरकी निघून गेली.
स्थळपाहणीच्या अहवालात तिच्यासाठी जागा नाही.

मानशीवर गुणो होता, बिजागरीला तेल घालत.
ही लाकडी दारं त्याच्या आज्यापासून त्यांच्याकडे:
भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात,
हुकूम लागत नाही.
"तिथीची पाऊणकी," तो म्हणाला, बोटं मोजत.
"आज अष्टमी. आठाची पाऊणकी सहा.
सहाला पाणी भरणार. हें म्हाका कोणें शिकोवंक नाका."
मग भिंतीवरची चुन्याची रेघ दाखवली,
बापाने ओढलेली, भांगाच्या पाण्याची.
पाणी तिच्या वर चार बोटं.
आणि अजून पाचच वाजले होते.

बांधाआडचं कोरगूट पिवळं पडलं होतं,
ज्याचा जन्मच खाऱ्यात जातो, ते भात.

"वेळ चुकत नाही, वकीलबाई," गुणो म्हणाला,
"पाऊणकी तीच.
पण कुठवर येणार,
तो आकडा तुमच्या कुठल्या पुस्तकात?"
मी म्हटलं, सुधारित नकाशांचं काम चालू आहे.
तो पुन्हा तेलाकडे वळला.

रात्री ऑफिसात दिवा एकच.
'कमी' लिहायच्या तीन वाटा मला येतात:
अधिसूचनेनुसार.
सकृद्दर्शनी.
उपलब्ध नकाशांच्या आधारे.
तिन्ही बिनचूक. एक मोरजीत वापरली,
एक केळशीत, तिथल्या हॉटेलाची
मागची भिंत आता वाळूच्या पोत्यांवर उभी आहे
आणि माझ्या अभिप्रायात
आजही एक चूक सापडणार नाही.

रकाना कोरा ठेवला.
समासात लिहिलं:
अष्टमी, सायंकाळी पाच, भरतीला तास बाकी,
जुन्या खुणेच्या वर चार बोटं पाणी.
साक्षीदार: गुणो, मानशीचा राखणदार.

साडेनवाला लोटलीकरांचा फोन.
"चार बोटं म्हणजे काय, मॅडम?
बँकेला मीटरमध्ये लागतं."

हात दिव्याखाली धरला, पट्टी लावली.
माझी सहा पूर्णांक आठ सेंटीमीटर भरली.
"थांबा," म्हटलं, "लिहून घेऊ नका अजून.
गुणोची जास्त असतील."